मोठी आईचं गोंदण: एग टेम्परा आणि तैलरंगाच्या थरांचं एक प्रकरण

चार दिवसांची झड उघडली त्या सकाळी मी ओसरीत ठेवलेलं चित्र उजेडात आणलं. मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत पूर्ण केलेलं माझ्या मोठी आईचं व्यक्तिचित्र. २४ बाय १८ इंचांची सागवानी फळी, खाली अंड्याच्या बलकातले रंग, म्हणजे एग टेम्परा, वर तैलरंगाचे थर. जूनमध्ये ते धड दिसत होतं. आता आषाढात लुगड्याच्या मरून भागावर आटलेल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, तळासारखं जाळं उठलं होतं. भेगा रुंद, कडा गोलसर, आणि फटींतून खालचा लाल रंग दिसत होता. डाव्या खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत एक सरळ चीर गेली होती. ती मात्र केसासारखी बारीक आणि धारदार. खालच्या कडेला पांढऱ्या अस्तराचा पापुद्रा सुटून पापडासारखा वर वळला होता. चित्रातल्या मागच्या मातीच्या भिंतीला आणि चेहऱ्याच्या बऱ्याच भागाला काहीही झालेलं नव्हतं.

हे प्रकरण बारकाव्यांसकट लिहून ठेवतो आहे. आपल्या भागात एग टेम्परा करणारे फार थोडे आहेत, आणि एखाद्याचं चित्र बिघडलं की 'इकडचं ऊन सोसत नाही' एवढं बोलून विषय मिटतो. मीही महिनाभर तेच बोलत होतो. आता माझं मत पक्कं झालं आहे: उन्हाने आणि पावसाने दोष उघडा पाडला इतकंच. दोष थरांच्या क्रमात होता आणि तो माझ्या हातून झाला होता.

अंडं कशासाठी

मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात चित्रकला शिकवतो. वैनगंगा ओलांडली की पलीकडे वडसा. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, वय ऐंशीच्या पुढे. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. रोवणीने आणि निंदणाने रापलेल्या हातावर ते गोंदण हिरवट-निळं दिसतं, आणि कातडीवर काढल्यासारखं न दिसता कातडीच्या आत असल्यासारखं दिसतं.

मला नेमकं तेच हवं होतं. आधी मी साध्या तैलरंगात एक अभ्यासचित्र केलं. हाताचा रंग लावला, वाळू दिला, वरून व्हिरिडियन हिरव्याने गोंदण काढलं. हाताला कुणी हिरवा रंग पुसल्यासारखं दिसलं. पांढरा मिसळला, तपकिरी मिसळला, तरी ते वरच राहिलं.

कारण शोधताना लक्षात आलं की गोंदणात हिरवा रंग नसतोच. ती काजळी असते, काळी. कातडी अर्धपारदर्शक असते. तिच्यातून जाताना निळा उजेड जास्त विखुरतो आणि परत डोळ्यांकडे येतो. लाल उजेड खोल उतरतो आणि काजळी तो गिळून टाकते. म्हणून काळं निळं दिसतं. नवेगावचे डोंगर दुरून निळे दिसतात, त्यातही मधल्या हवेचं असंच विखुरणं असतं. चित्रकलेत हा जुना अनुभव आहे: गडद रंगावर पांढऱ्याचा विरळ पदर टाकला की तो थंड, निळसर होतो, पांढऱ्यावर गडद पारदर्शक रंग पसरला की तो उबदार होतो. म्हणजे गोंदण खाली आणि कातडी वर, असेच थर द्यायला हवे होते.

थर द्यायचे तर खालचे थर पातळ, पटकन वाळणारे आणि रेघ जशीच्या तशी धरून ठेवणारे हवेत. एग टेम्परा त्यासाठीच आहे. बलकात साधारण निम्मं पाणी, एक तृतीयांश स्निग्धांश आणि सहावा हिस्सा प्रथिनं असतात. पाणी उडालं की रंग मिनिटभरात बसतो. आतली प्रथिनं आणि तेल मात्र पुढे काही महिने कडक होत राहतात. इटलीतले जुने फळीचित्रकार चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर देत आणि त्यावर गुलाबी, पांढऱ्या बारीक रेघा ओढत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मायकेलअँजेलोचं 'मँचेस्टर मडोना' म्हणून ओळखलं जाणारं अपुरं चित्र आहे. त्याच्या डाव्या बाजूचे देवदूत रंगवायचे राहून गेले, म्हणून त्यांच्या अंगाचा हिरवट थर आजही उघडा दिसतो. त्या चित्राचा फोटो पाहिल्यावर मला मोठी आईचा हात कसा रंगवायचा ते दिसलं.

एक अडचण आधीच सोडवावी लागली. मोठी आई माळकरी. तिच्या चित्रात अंडं घालायचं तर तिला न सांगता घालणं मला पटेना. मी सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली.

"रंगात अंडं कायले लागते रे बाबू?"

"खळ लागते ना कागदाला, तसं. रंग धरून ठेवते."

दुसऱ्या दिवशी अंगण झाडता झाडता तिने निकाल दिला. "काढ. पण देवघरात लावू नको."

मे महिन्यातली फळी

काय काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण चूक एकाच ठिकाणी नव्हती.

गावच्या सुताराकडून सागाच्या दोन पाट्या जोडून फळी करून घेतली. सरेस विकत आणला, एक भाग सरेसाला दहा भाग पाणी घालून रात्रभर फुगत ठेवला, सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवला. सरेस उकळला की त्याची चिकटण्याची ताकद जाते, म्हणून हात सोसेल इतपतच गरम. एक हात नुसत्या सरेसाचा आणि मग खडू कालवून जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, आठ हात. हे सगळं फळीच्या दर्शनी बाजूला. पाठ कोरी ठेवली. दुकानात मिळणारा ॲक्रिलिक जेसो एग टेम्पराला चालत नाही, त्याला पुरेसं शोषण नसतं. तो वापरला नाही एवढं बरोबर केलं.

आठही हात एका दुपारी दिले. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर होता. थर वाळायला दहा मिनिटंही लागत नव्हती. सरेसाचं भांडं दिवसभर मंद आचेवर होतं आणि दर दोन हातांना मी त्यातला सरेस घेऊन नवा खडू कालवत होतो.

मग टेम्परा. बलक वेगळा करायची पद्धत एकदा हाताला कळली की विसरत नाही: पांढरं सोडून दिलं की पिवळा गोळा या तळहातावरून त्या तळहातावर खेळवायचा, मधे मधे रिकामा हात कापडाला पुसायचा, गोळा कोरडा झाला की त्याची वरची पातळ कातडी चिमटीत धरून वाटीवर लोंबता ठेवायचा आणि खालून सुई टोचायची. आतला बलक धारेने उतरतो, पिशवी बोटांत राहते. ती पिशवी रंगात गेली तर गाठी होतात. बलकाइतकंच पाणी घालायचं, आणि पाण्यात घोटलेल्या रंगाच्या लगद्यात हे मिश्रण साधारण समान घ्यायचं. १४०० सालाच्या सुमारास लिहिणाऱ्या इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने शहरी कोंबडीचा फिका बलक तरुण चेहऱ्यांना आणि खेड्यातल्या कोंबडीचा तांबूस बलक म्हाताऱ्या चेहऱ्यांना घ्यायला सांगितलं आहे. माझ्याकडे गावरान अंडीच होती. तसं पाहिलं तर बलकाचा पिवळेपणा उजेडात काही दिवसांत उडून जातो. मे महिन्यात सकाळचा बलक दुपारी टिकत नाही. रोज नवं अंडं फोडलं.

भिंत मी पूर्ण टेम्परात केली. चेहरा टेम्परात उभा करून त्यावर तैलरंगाचे दोन विरळ हात दिले. लुगड्याचा नाद मात्र वाढत गेला. मला खोल, ओलसर मरून हवा होता. खाली गेरूचा टेम्परा, त्यावर ॲलिझरीन क्रिमसन हा गडद लाल आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा तेलात घोटून दोन जाड हात. तेल जवसाचं, घाणीवरचं. आमच्याकडे उभ्या धानात ओलीवर जवस शिंपतात, चटणीला आणि तेलाला तो घरचाच असतो, आणि आपल्याच मातीतलं तेल चित्रात यावं असं मला मनापासून वाटत होतं. नवव्या दिवशी रंग बोटाला लागेना. वाळला असं धरून मी टर्पेंटाईनने पातळ केलेला तिसरा हात दिला आणि त्यावर काठाचे पिवळे, पांढरे ठिपके एग टेम्पराने टाकले.

तेलावर पुन्हा अंडं, हे मी मनाने केलं नव्हतं. म्युनिकचे चित्रकार आणि अध्यापक माक्स डोर्नर यांनी १९२१ साली मांडलं की जुन्या फ्लेमिश चित्रकारांनी टेम्पराचा पांढरा आणि तेल-राळेचे रंग आलटून पालटून थर देत चित्रं केली. त्यावरून 'मिश्र तंत्र' नावाची पद्धत रूढ झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिएन्नात चित्रकार अर्न्स्ट फुक्स यांनी ती पुन्हा पुढे आणली. पुढे जुना फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइक याच्या चित्रांच्या प्रयोगशाळेत तपासण्या झाल्या तेव्हा त्यांत प्रामुख्याने वाळणारं तेलच सापडलं. पद्धत म्हणून मिश्र तंत्र खोटं नाही, त्यात उत्तम काम झालं आहे. पण त्यातले तेलाचे पदर अत्यंत पातळ असतात, आणि अंडं एकटं नसतं, त्यात तेल-राळ मिसळून त्याचं इमल्शन केलेलं असतं. मी जाड तेलावर नुसता बलक टाकला.

भेगा वाचताना

गावात कारणं भराभर मिळाली. कुणी म्हणालं उन्हाने रंग फुटला. कुणी म्हणालं अंडं सडलं असणार. शाळेतल्या एका सहकाऱ्याने लाकूड ओलं होतं म्हणून सांगितलं. प्रत्येक कारणाला मी एकच प्रश्न लावून पाहिला: मग मागची भिंत शाबूत कशी? तिच्यात सगळ्यात जास्त अंडं होतं, तिने तेच ऊन खाल्लं, आणि ती त्याच फळीवर होती.

भिंग घेऊन बसलो तेव्हा दोन जातींच्या भेगा वेगळ्या दिसायला लागल्या. लुगड्याच्या भेगा फक्त वरच्या थरात होत्या. त्यांच्या कडा मऊ, ओघळल्यासारख्या, आणि तळाशी खालचा रंग अखंड. पांढरं अस्तर कुठेच दिसत नव्हतं. खांद्याची चीर अगदी उलट: ती रंगापासून अस्तरासकट लाकडापर्यंत गेली होती आणि दोन पाट्यांच्या सांध्यावरून चालत होती. रंगाचा थर वाळता वाळता फाटला तर पहिल्या प्रकारची भेग पडते. खालचा आधार हलला तर दुसऱ्या प्रकारची. एकाच चित्रावर दोन वेगळे आजार होते आणि मी दोघांना एकच औषध शोधत होतो.

पहिल्याचा उलगडा बोडीनेच केला. बोडी आटते तेव्हा वरचा गाळ उन्हाने वाळून आकसतो, खालचा ओला आणि सरकता असतो. वरच्याला धरून ठेवायला खाली काही घट्ट नसतं, म्हणून तो तुकड्यांत फाटतो. लुगड्यावर हेच झालं होतं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, आणि ती क्रिया वरून सुरू होते. मे महिन्याच्या उष्णतेने वर साय लवकर धरली, आत तेल कच्चंच होतं. नखाने किंचित दाबलं असतं तर कळलं असतं. टर्पेंटाईनचा बोळा फिरवला असता तरी कळलं असतं, कारण कच्चा रंग बोळ्याला लागतो. मी फक्त बोट टेकवलं.

खात्री करण्यासाठी खिडकीच्या काचेच्या पट्ट्या कापून आणल्या आणि त्याच घाणीच्या तेलात चार रंग घोटून लावले. रॉ अंबर, म्हणजे तपकिरी मातीचा रंग, तिसऱ्या दिवशी कोरडा झाला. पिवळी माती आठवड्याने. काळा पंधरा दिवसांनीही चिकट. ॲलिझरीन तीन आठवड्यांनंतर नखाला लागत होता. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते तेलाला वाळायला ढकलतं. ॲलिझरीन आणि काळा हे जात्याच सुस्त, त्यात त्यांना घोटायला तेलही जास्त लागतं. लुगड्यासाठी मी नेमके हे दोन निवडले होते. शिवाय घाणीच्या तेलात चिकट गाळ असतो. रंगासाठी ते मीठ-पाण्याबरोबर घुसळून, निवळून, वरचं स्वच्छ तेल काढून घ्यावं लागतं. खाण्याच्या तेलाला याची गरज नसते, म्हणून ते माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याच पट्ट्यांवर टेम्पराचीही परीक्षा घेतली. वाळलेला टेम्परा पात्याने खरवडला की नारळाच्या किसासारखी लवचीक साल निघाली तर बलकाचं प्रमाण बरोबर. भुकटी झाली तर बलक कमी पडला. माझी साल सलग निघाली. अंड्यावरचा आळ तिथे संपला.

तेलाच्या चिंध्यांबद्दल इथेच सांगायला हवं. जवसाचं तेल वाळताना ऊब सोडतं, आणि चुरगळून ठेवलेल्या तेलकट चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. माझी कामाची जागा गोठ्याला लागून आहे, शेजारी तणसाचा ढीग. आता प्रत्येक चिंधी पाण्याच्या डब्यात जाते किंवा तारेवर एकेक पसरली जाते. यात हयगय नको.

दुसऱ्या आजाराला दोन माणसांनी हात लावला. सुताराने फळी उभी धरून डोळ्याच्या रेषेत पाहिली आणि लगेच सांगितलं, "सर, एकाच अंगाले लेप देल्ला तुमी. मागच्या अंगानं पानी पेलं लाकडानं. मंग वाकनच ना." खरंच, मधे चांगला पाव इंचाचा बाक होता. उन्हाळ्यात सुकलेलं लाकूड झडीत मागून फुगलं, पुढून फुगायला जागा नव्हती, आणि ताण सांध्यावर आला.

पापुद्र्याचं कोडं मात्र वडशाकडच्या एका जुन्या पेंटरनी सोडवलं. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली. सरेसात पावडर रंग कालवून महाल, जंगल, रस्ता रंगवायचा, आणि तो पडदा गुंडाळून सबंध हंगामभर गावोगाव न्यायचा. सरेस जास्त झाला तर पडदा पहिल्याच गुंडाळीत तडकतो, कमी झाला तर रंग झडतो. मी सुटलेला पापुद्रा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मोडून पाहिला, दातांखाली चावला, आणि विचारलं, "सरेस चुलीवरच होता का जी दिवसभर?"

मी हो म्हणालो.

"मंग वरचा हात खालच्याहून कडक झाला. पानी उडते, सरेस उरते. कडक थर वर बसला का खालच्याले उपटते."

मी बारा वर्षं चित्रकला शिकवतो आहे आणि हे मला एका पडदे रंगवणाऱ्याने सांगितलं. तैलरंगात 'रोडावर मेद', म्हणजे कमी तेलाच्या थरावर जास्त तेलाचा थर, हा नियम मी मुलांना पाठ करून देत होतो. पण तोच विचार अस्तरालाही लागतो हे मला कधी सुचलं नव्हतं. अस्तरात वरचा हात जास्त ताकदीचा झाला. लुगड्यात वरचा हात जास्त कोरडा झाला. दोन्ही ठिकाणी वरच्या थराची ओढ खालच्यापेक्षा मोठी होती. भिंत वाचली कारण तिच्यावर टेम्पराच्या वर काही नव्हतंच.

दुसरी फळी

पहिल्या चित्राची डागडुजी केली, पण थोडक्यात. फळी घराच्या मधल्या खोलीत आणली, पाठीला सरेसाचे दोन हात दिले, बाक बराचसा उतरला. सुटलेला पापुद्रा पातळ कोमट सरेसाने बसवला, वर बटर पेपर आणि वजन. लुगड्यावरचा मऊ रंग पात्याने आणि टर्पेंटाईनने उतरवला. खालचा गेरूचा टेम्परा टर्पेंटाईनला अजिबात हलला नाही, आणि तीन महिने जुन्या अंड्याची ताकद तेव्हा डोळ्यांनी पाहिली. त्यापुढे ते चित्र तसंच ठेवलं. वर्गात थर शिकवताना मी आता तेच समोर ठेवतो.

नवं काम कार्तिकात सुरू केलं. उन्हाळ्यात सरेस बसायच्या आधी सुकतो, पावसाळ्यात ओला राहून बुरशी धरतो. धान कापणीपासून माघापर्यंतचे महिने आमच्याकडे या कामाला खरे.

फळीऐवजी १२ मिलिमीटरचा चांगला प्लायवुड घेतला. दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना सरेस. दर्शनी बाजूला जुन्या धोतराचं मऊ कापड सरेसाने चिकटवलं. इटलीतही फळीवर जुनं लिननचं कापड लावून मग अस्तर देत. सहा हात जेसोचे, सगळे एकाच वेळी कालवलेल्या एकाच मिश्रणातले. भांड्याच्या आत पाण्याच्या पातळीची खूण केली आणि ती खाली गेली की गरम पाणी घालून भरून काढली. पाठीलाही दोन हात जेसो दिला, ताण सारखा राहावा म्हणून.

मग हात. गोंदण सगळ्यात आधी. लॅम्प ब्लॅक, म्हणजे काजळीचा काळा, पाण्यात टाकला की तो तरंगतो, पाणी धरतच नाही; दोन थेंब स्पिरिट टाकल्यावर बसतो आणि मग बलकात घेता येतो. मोठी आई समोर बाजेवर बसली, हात उशीवर पालथा ठेवून. मी तुळस, विंचू, ठिपके काळ्याने जेसोवर काढले. शाई सांडल्यासारखं दिसत होतं. मग भोवती हिरव्या मातीचा पातळ थर, आणि त्यावर टेम्पराच्या पांढऱ्याचे विरळ पदर, काडीएवढ्या ब्रशने, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांनी. एग टेम्परा घोळवता येत नाही. एक रेघ वाळते, तिच्याशेजारी दुसरी.

पहिल्या पदराला काळं करडं झालं. दुसऱ्याला करडंच. तिसरा पदर वाळताना ठिपक्यांच्या कडांना निळं चढलं. माझ्या तबकात निळा रंग नव्हता. मी ब्रश खाली ठेवून बराच वेळ बघत राहिलो. उत्साहाच्या भरात कोपराजवळ सात पदर टाकले आणि तिथली विंचवाची शेपटी जवळजवळ दिसेनाशी झाली. तिथे पुन्हा काळं घालायचा मोह आवरला, कारण मग ते गोंदण वर आलं असतं.

टेम्पराला महिनाभर विसावा दिला. मग दमार राळ टर्पेंटाईनमध्ये विरघळवून तिचा अगदी पातळ हात फिरवला, नाहीतर शोषक टेम्परा वरच्या रंगातलं तेल पिऊन टाकतो आणि रंग मळकट, चकाकी गेलेला दिसतो. राळ घेताना सांभाळा: दुकानात नुसतं 'राळ' म्हटलं तर बहुधा पाइनची राळ मिळते, ती पिवळी पडते आणि ठिसूळ होते. त्यानंतर तैलरंगाचे फक्त दोन हात, निवळलेल्या जवसाच्या तेलात, तळव्याने पुसून काढावेत इतके पातळ. हातावर बर्न्ट सिएनाचा पहिला पदर पसरला तेव्हा निळ्यावर तपकिरी-पिवळी झाक आली आणि गोंदण हिरवट झालं. जे मी व्हिरिडियनने मारून मुटकून आणत होतो ते हिरव्याचा थेंबही न वापरता आलं.

लुगड्याची सगळी छाया-उजेडाची रचना यावेळी गेरू आणि पांढऱ्या टेम्परात पूर्ण केली. काठाचे ठिपके तिथेच, खाली, लख्ख पांढरे ठेवले. वरून मरूनचे दोन पदर, मध्ये तीन आठवडे. ॲलिझरीनऐवजी क्विनाक्रिडोन लाल घेतला, तो उजेडात टिकतो, आणि काळ्याच्या जागी रॉ अंबर, म्हणजे वाळण्याची मदत आयती. ठिपके मरूनखालून सोनेरी-तांबूस उमटले. वर अंड्याची एकही रेघ नाही. मिश्र तंत्र मी सोडून दिलं असं नाही. पण तेलावर अंडं घ्यायचं तर इमल्शन आधी काचेवर साधायला हवं, आणि ते मला अजून साधलेलं नाही.

फाल्गुनात चित्र मोठी आईला दाखवलं. चेहऱ्याकडे तिने फारसं पाहिलं नाही. आपला हात चित्रातल्या हाताशेजारी धरला, विंचवावर बोट फिरवलं, मग चित्रातल्या विंचवावर.

"हे तं आतून हाय रे," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "शेपूट पुसट केलीस."

मी कारण सांगितलं. तिने आपल्या कोपराजवळचा विंचू उजेडात धरून बघितला. "माझीबी पुसटच हाय. राहू दे."

चित्र ओसरीत आहे, देवघरापासून लांबच्या भिंतीवर, मागे कपच्या देऊन भिंतीपासून बोटभर सुटं, म्हणजे ओल लागू नये. त्याने एक मे आणि एक आषाढ पाहिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते उतरवतो, आडव्या उजेडात धरतो, भिंगाने लुगडं, सांधे आणि चारही कडा तपासतो, आणि पाठीवर पेन्सिलीने नोंद करतो. श्रावणातल्या नोंदीत खालच्या उजव्या कोपऱ्यात, फ्रेमचा खिळा जिथे प्लायवुडच्या फार जवळ आला तिथे, अर्ध्या इंचाची एक बारीक चीर आहे. खिळा काढून मागे पितळी पट्टी लावली. भाद्रपदात चीर तेवढीच होती. वार्निश दिवाळीनंतर, नखाची आणि बोळ्याची परीक्षा घेऊन.